धनुष्याचं पॉलिश चिकटच राहतंय? आधी ते कुठे चिकटतंय ते बघा

धनुष्य हातात घेतलं की अंगठा किंचित धरून ठेवल्यासारखा होतो आणि उचलताना चट् असा बारीक आवाज येतो. कापडी पिशवीतून बाहेर काढावं, तर कापडाची वीण पॉलिशवर जशीच्या तशी उमटलेली. दोरीचा फासा खाचेतून सोडवला की तिथे दोरीचे पांढरे तंतू अडकलेले. शेवटचा हात मारून दोन आठवडे झालेले असतात, लांबून सगळं कोरडं ठणठणीत दिसत असतं. मग आपण म्हणतो, एखादा हात कमी पडला असेल, आणि वरून अजून एक हात मारतो. आठ दिवस बरं वाटतं. नंतर चिकटपणा परत येतो, आणि या खेपेला आधीपेक्षा जास्त.

माझ्या पहिल्या तीनही धनुष्यांवर मी हेच केलं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: चिकट थरावर नवा थर चढवू नका. खालचा कच्चा थर त्याने कायमचा कोंडला जातो. त्याला हवा हवी असते आणि आपण नेमकी तीच बंद करतो.

सुकणं आणि पक्कं होणं

डब्यावर "६ तासांत सुकतं" असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. पण त्याचा अर्थ एवढाच, की पातळ करण्यासाठी घातलेलं द्रावक उडून गेलं आणि आता धूळ बसणार नाही. जवसाचं तेल, टुंग तेल (टुंग झाडाच्या बियांचं), तेलावर आधारलेलं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन, या सगळ्यांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात आणि एकमेकांना जोडले जाऊन जाळं विणतात. ऑक्सिजन आत येतो म्हणून या काळात तेलाच्या थराचं वजन चक्क वाढतं. हे जाळं पूर्ण विणलं गेलं की थर पक्का झाला. त्याआधी तो वरून कोरडा आणि आतून मऊ असतो.

ही क्रिया वरून खाली होते. म्हणून थर जाड असला की आधी वर साय धरते आणि ती साय खालच्या तेलाला मिळणारी हवा अडवते. तीन पातळ हात काही आठवड्यांत पक्के होतील, पण तेवढंच तेल एका जाड हातात दिलं तर त्यानंतरही खाली ओलं सापडेल.

टेबलावर हे फारसं जाणवत नाही, कारण टेबल वाकत नाही. धनुष्य वाकतं. दर बाणाला पाठीकडचा (निशाण्याकडच्या बाजूचा) थर ताणला जातो आणि पोटाकडचा (आपल्याकडच्या बाजूचा) दाबला जातो. त्यात हाताचा घाम, मुठीवरचं चामडं, दोरीचं मेण, टोकांवर करकचून बसणारे फासे. अर्धवट पक्का थर अशा वापरात टिकत नाही.

पहिली चाचणी: काच

निदानाला लागण्याआधी हे एक करा. त्याच डब्यातला एक थेंब स्वच्छ काचेच्या तुकड्यावर बोटाने पातळ पसरा आणि तो तुकडा धनुष्याशेजारीच ठेवा. एक ते तीन दिवसांनी बघा.

काचेवरही चिकट असेल तर दोष डब्याचा आहे किंवा खोलीतल्या हवेचा. तोच तुकडा उबदार, कोरड्या खोलीत नेऊन ठेवा. तिथेही सुकला नाही, तर डबा जुना झालाय, तो बाजूला काढा. काचेवर कडक झालं आणि धनुष्यावर नाही, तर कारण धनुष्यातच आहे: थराची जाडी, लाकूड, आधी लागलेलं मेण किंवा तुमची हाताळणी. या एका थेंबाने निम्मे तर्क गळून पडतात. मी आता प्रत्येक धनुष्याबरोबर असा काचेचा तुकडा ठेवतोच.

फक्त मुठीपाशी चिकटत असेल तर

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हाच आहे.

माझ्या चौथ्या धनुष्याच्या भुजा (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) अगदी सुरेख पक्क्या झाल्या होत्या. पाच पातळ हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर. शेवटच्या हातानंतर पाचव्या दिवशी मी मुठीला चामडं गुंडाळलं आणि शिवलं. दोन आठवड्यांनी नेमबाजी सुरू केली, तर मूठ हातात फिरल्यासारखी वाटायची. अगदी थोडी, पण बाण सोडण्याच्या क्षणी बरोबर कळायची. मला वाटलं चामडं सैल झालं. उसवून घट्ट शिवलं. महिन्याने परत तेच. तिसऱ्यांदा चामडं पूर्ण काढलं, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूवर मधासारखा पिवळा, तारा सुटणारा थर दिसला. लाकडावर चामड्याचे रेषे रुतून बसले होते. शेवटचा हात मारून तीन महिने झाले होते. भुजांवर नख उमटत नव्हतं आणि मुठीवर ते लोण्यात रुतावं तसं रुतत होतं.

कारण साधं होतं. चामड्याखाली हवा जात नाही. पाचव्या दिवशी थर जितका कच्चा होता, तितकाच तो तिथे कोंडला गेला. वर चामडं चिकटवायला लावलेल्या गोंदातलं द्रावक त्याला आणखी मऊ करत राहिलं, आणि तळहाताच्या उबेने तो रोज सरकत राहिला.

आता मी मुठीच्या भागाला वेगळं वागवतो. चामडं येणार असेल तर तिथे एकच हात, तोही पुसून घेतलेला, आणि चामडं शेवटच्या हातानंतर महिन्याने. चामडं येणारच नसेल आणि लाकूड उघडंच धरायचं असेल, तरीही महिनाभर ती मूठ वापरात आणायची नाही. त्वचेवरचं तेल आणि घाम कच्च्या थरात मुरतात आणि तो भाग पुढे कधीच बाकीच्यासारखा कडक होत नाही.

डासांसाठी अंगाला लावायच्या मलमात डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर तेही ध्यानात ठेवा. ते प्लास्टिक आणि व्हार्निश दोन्ही मऊ करतं, पक्कं झालेलं व्हार्निशसुद्धा. रानात नेमबाजी करणाऱ्यांच्या धनुष्यावर अचानक बोटांचे ठसे उमटू लागले तर पहिला संशय याचाच घ्यावा. मलम लावल्यावर तळवे साबणाने धुवूनच मूठ धरायची.

फक्त दोन-तीन ठिपक्यांत चिकटत असेल तर

धनुष्य जिथे टेकतं, त्या जागा बघा. रबर किंवा मऊ प्लास्टिकचं आवरण असलेल्या आकड्यांवर टांगत असाल, तर त्या प्लास्टिकला लवचीक ठेवणारं रसायन हळूहळू व्हार्निशमध्ये उतरतं. थर पक्का झाला असला तरी त्या जागा वर्षभरानेही मऊ पडू शकतात. आकड्यांना सुती कापड किंवा लोकरीचा नमदा गुंडाळा. मऊ पडलेला भाग आपोआप सुधारत नाही, तो काढूनच नवा हात द्यावा लागतो.

टोकांना दोरीच्या फाशाखाली चिकटत असेल तर बहुधा दोरी लवकर चढवली आहे. पॉलिश पक्कं होईपर्यंत धनुष्य दोरीविना ठेवा. एका टोकाच्या खाचेत साधा सुती दोरा बांधून मोकळं लटकवलं की उरलेल्या अंगाला कशाचाच स्पर्श होत नाही आणि दोऱ्याचा वळ नेमका खाचेत पडतो, जिथे तो दिसतही नाही.

फक्त एका लाकडावर चिकटत असेल तर

भुजा कोरड्या आणि मुठीत किंवा टोकांवर जोडलेले गडद तुकडे मात्र चिकट, असं असेल तर ते लाकूड कोणतं ते आठवा. रोझवुड, कोकोबोलो, काही प्रमाणात साग, या लाकडांत स्वतःची तेलं आणि रसायनं असतात. ती तेलाच्या ऑक्सिजन घेण्यालाच अडथळा आणतात. अशा लाकडावर तेल महिनोन् महिने ओलं राहिलेलं मी पाहिलंय. इथे वाट पाहून उपयोग होत नाही.

यावर उपाय आहे चपडी लाख. लाखेला ऑक्सिजन लागत नाही, तिच्यातलं अल्कोहोल उडालं की ती कडक होते. म्हणून तिचा एक पातळ हात लाकूड आणि तेल यांच्यात भिंतीसारखा उभा राहतो. मात्र मेण काढलेली लाखच घ्या, मेणाच्या लाखेवर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. आणि ती ताजी विरघळवलेली हवी. अल्कोहोलमध्ये मिसळून ठेवलेली लाख महिने जातील तशी आपली कडक होण्याची ताकद गमावते, वर्षाच्या बाटलीवर तर भरवसाच ठेवू नका. बाटलीवर तारीख लिहायची सवय लावून घ्या.

याच्याशी मिळताजुळता प्रकार म्हणजे आधी मेण चोळलेलं धनुष्य. मेणावर कोणताही हात नीट बसत नाही. मेण लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

सगळीकडेच चिकटत असेल तर

मग थर जाड आहे, दोन हातांमधलं अंतर कमी पडलं आहे, किंवा हवा थंड आणि दमट आहे. बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं असतं. तेल लावलं की पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं असतं, अगदी "आता काही उरलंच नाही" असं वाटेपर्यंत. ही एक पायरी गाळल्यामुळे जितकी धनुष्यं चिकट राहिली असतील तितकी दुसऱ्या कशाने राहिली नसतील.

खोलीचं तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दुप्पट धरा. आर्द्रतेचा हा आकडा पॉलिशइतकाच लाकडासाठीही महत्त्वाचा आहे: ५० टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो आणि धनुष्याला तो मानवतो. ओलावा जास्त असेल तर दोरी उतरवली तरी धनुष्य बाक धरून राहतं आणि त्याचा जोर उतरतो, फार कमी झाला तर ते मोडतं. म्हणूनच पॉलिश लवकर पक्कं व्हावं म्हणून धनुष्य कडक उन्हात, बंद गाडीत किंवा हीटरपाशी ठेवू नका. पॉलिश दोन दिवस आधी कडक होईलही, पण तोवर लाकूड कोरडं ठक्क होऊन बसेल, आणि जोडकाम (लाकडाचे तुकडे गोंदाने जोडलेले) असेल तर उष्णतेने गोंदही ढिला पडू शकतो.

हवा खेळती हवी, हे सगळ्यात मोलाचं. कपाट, पेटी, पिशवी, प्लास्टिकचं वेष्टन, हे सगळं बंद. पृष्ठभागावर धूळ बसेनाशी झाली की लांबून मंद पंखा लावा. खिडकीजवळचा स्वच्छ उजेड तेलाला मदत करतो, फक्त ऊन थेट अंगावर नको.

आता चिकटलेलं धनुष्य सुधारायचं कसं

पहिले दोन आठवडे काहीच करू नका. उबदार, हवेशीर जागी लटकवून ठेवा. मला ठाऊक आहे, हे सगळ्यात अवघड आहे. धनुष्य समोर तयार दिसत असतं, बाण भात्यात असतात. पण निम्म्याहून जास्त धनुष्यं एवढ्यानेच सुधारतात.

दोन आठवड्यांनीही अंगठा उमटत असेल तर कच्चा थर काढावा लागेल. इथे सुतारकामाची सवय आड येते. टेबल असतं तर तासणी फिरवून लाकूड उघडं केलं असतं. धनुष्यावर ते करू नका. पोटाकडून कागदाएवढी साल निघाली तरी दोन भुजांचा तोल बदलतो, इतके दिवस वाकवून, बघून, घासून आणलेला. पाठीकडे तर अख्खं धनुष्य लाकडातल्या एका वर्षाच्या वलयाच्या भरवशावर उभं असतं. ते वलय एका जागी जरी कापलं गेलं, तरी पुढे तिथूनच चीर उठते.

म्हणून आधी द्रावक. सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करा, भिजवून निथळतं नको, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळा. कच्चं तेल फडक्यावर पिवळं होऊन उतरायला लागतं. फडक्याची घडी बदलत राहा. घट्ट जागी नायलॉनची मऊ घासणी चालते. फडकं स्वच्छ निघू लागलं की थांबा, दोन दिवस हवेवर ठेवा आणि मग अगदी पातळ एक हात देऊन पुसून घ्या. पॉलियुरेथेन टर्पेंटाइनने उतरत नसेल, तर समजा की वरची साय पक्की झाली आहे आणि ओल खाली आहे. तेव्हा ३२० नंबरच्या घासकागदाने हलक्या हाताने फक्त ती साय मोडा, म्हणजे खाली हवा जाईल, आणि परत दहा दिवस लटकवा. कागद सारखा चोंदत असेल तर थांबा, अजून वेळ झालेली नाही. रंग काढायची जळजळीत रसायनं जोडकामाच्या धनुष्यावर वापरू नका, ती गोंदाच्या सांध्यात शिरतात. आणि पाठीला जनावराच्या कंडरांचे तंतू सरसाने (जनावराच्या हाडा-चामड्याच्या गोंदाने) चिकटवलेले असतील तर पाणी आणि उष्णता दोन्ही लांब ठेवा.

पक्कं झालं हे कसं ओळखायचं

तीन खुणा आहेत आणि मी तिन्ही जुळल्याशिवाय दोरी चढवत नाही. मुठीच्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे, अंगठा पाच सेकंद दाबून धरा आणि खिडकीकडे तिरपं करून बघा. उजेड अंगठ्याच्या रेषांवर अडखळला तर थर कच्चा आहे. दुसरी खूण घासकागदाची: बारीक कागद दोनदा ओढला की पांढरी भुकटी पडायला हवी. कागदावर गोळ्या वळल्या तर थांबा. तिसरी वासाची. धनुष्य रात्रभर बंद खोलीत ठेवा, सकाळी आत जाऊन नाक भुजेजवळ न्या. तेल पक्कं होताना वास सोडत असतं आणि काम संपत आलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. माझा सगळ्यात जास्त विश्वास या वासावर आहे.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: उकळलेलं जवसाचं तेल दोन हातांमध्ये एक ते तीन दिवस मागतं आणि पूर्ण पक्कं व्हायला काही आठवडे. कच्चं, न उकळलेलं तेल तर धनुष्याला घेऊच नका, ते फार रेंगाळतं. शुद्ध टुंग तेलाला दोन हातांमध्ये दोन-तीन दिवस आणि शेवटी साधारण महिना. तेलाचं पॉलियुरेथेन दोन हातांमध्ये एक दिवस, पक्कं होईपर्यंत सुमारे ३० दिवस. पाण्यावर आधारलेलं दोन तासांत कोरडं वाटतं, पण त्यालाही दोन-तीन आठवडे द्यायलाच हवेत, आणि ते अजून पक्क्या न झालेल्या तेलावर कधीच मारू नका.

पोटावर बारीक आडव्या रेषा दिसल्या तर

चिकटपणाच्या नादात हे निसटतं म्हणून वेगळं सांगतो. धनुष्य वाकवल्यावर पोटाकडे रेषांच्या आडवे बारीक तडे दिसले तर ते पॉलिशचे आहेत की लाकडाचे, हे आधी ठरवायला हवं. जाड किंवा ठिसूळ थर वाकताना तडकतो, त्याने लाकडाला काही होत नाही. पण लाकूड दाबाखाली चिरडलं गेलं की तशाच, किंचित नागमोडी रेषा उमटतात. त्या जागेचं पॉलिश द्रावकाने काढा आणि भिंगातून बघा. रेष पॉलिशबरोबर गेली तर नुसता पातळ हात द्या. लाकडात तशीच राहिली तर ते धनुष्य आता ओढू नका. त्या जागी भुजा प्रमाणाबाहेर वाकतेय, आणि पॉलिशने ते दुरुस्त होणार नाही. पाठीकडे कुसळ उठताना दिसलं तरी तसंच, ताबडतोब थांबा.

फडक्यांचं काय करायचं

हे न वाचता पुढे जाऊ नका. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की तीच ऑक्सिजन घेण्याची क्रिया आत उष्णता साठवते आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली, ती जवसाच्या तेलाने भिजलेल्या अशाच चिंध्यांमुळे. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. फडकी उघड्यावर एकेरी पसरून कडक वाळू द्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. चिकट धनुष्य साफ केलेली टर्पेंटाइनची फडकीही याच नियमात येतात, कारण त्यांत तेच तेल उतरलेलं असतं.

तिन्ही खुणा जुळल्या की दोरी चढवा आणि पहिल्या दिवशी थोडेच बाण मारा. मग दोरी उतरवून दोन्ही खाचा, मूठ आणि बाण घासून जातो ती कड बोटाने तपासा. सगळं कोरडं लागलं तर धनुष्य रात्रभर कापडी पिशवीत ठेवा, सकाळी काढा आणि खिडकीशी तिरपं धरून बघा. विणीची एकही रेघ उमटलेली नसेल, तर त्या दिवसापासून ते पिशवीत राहू शकतं.